तरुण रुग्णातील मेनिंजायटिस: कल्चर निगेटिव्ह आले तर जिवाणू कोणता, हे कसे ठरवायचे?

प्रश्न
लिहिणार: द्वितीयवर्ष_विद्यार्थिनी

सूक्ष्मजीवशास्त्राच्या सरावासाठी आम्हाला मेनिंजायटिसचे (मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या आवरणांच्या दाहाचे) पुढील उदाहरण देण्यात आले आहे. वसतिगृहात राहणाऱ्या १९ वर्षांच्या विद्यार्थ्याला आदल्या रात्रीपासून ताप, तीव्र डोकेदुखी आणि उलट्या होत आहेत. उजेड सहन होत नाही आणि मान आखडली आहे. अंगावर पुरळ नाही. कान, सायनस किंवा डोक्याला मार लागल्याचा पूर्वेतिहास नाही. पहिल्या दवाखान्यात त्याला सेफ्ट्रिआक्झोन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन मिळाले आणि त्यानंतर सहा तासांनी मोठ्या रुग्णालयात लंबर पंक्चर झाले, म्हणजे कमरेत सुई घालून मज्जारज्जूभोवतीचा द्रव (मेरुद्रव) काढला. मेरुद्रव गढूळ असून त्यात दर घन मिलिमीटरला २,४०० पेशी आहेत, त्यांपैकी ९२ टक्के न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी). ग्लुकोज २२ मिलिग्रॅम (त्याच वेळचे रक्तातील ग्लुकोज १०४), प्रथिने २१० मिलिग्रॅम. ग्रॅम स्टेनमध्ये (स्लाइड रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर) जिवाणू दिसले नाहीत आणि ४८ तासांनंतरही कल्चरमध्ये (जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) वाढ नाही.

प्रश्न असा आहे की सर्वाधिक संभाव्य जिवाणू कोणता, आणि ते सिद्ध कसे कराल. उत्तरसूचीत केवळ ‘नायसेरिया मेनिंजायटिडिस’ (म्हणजेच मेनिंगोकॉकस) एवढेच लिहिले आहे. माझी अडचण अशी की, आमच्याच पुस्तकातील तक्त्यात प्रौढांमधील मेनिंजायटिसचे सर्वांत सामान्य कारण न्यूमोकॉकस असे दिले आहे. पुरळ नाही, स्लाइडवर काही नाही, कल्चरमध्ये काही नाही. मग मेनिंगोकॉकसचे नाव कोणत्या आधारावर घ्यायचे? आणि पुराव्याचा भाग सूचीत मुळीच नसल्यामुळे तो कसा लिहावा, हेही कळत नाही.


उत्तर १
लिहिणार: काचपट्टी

उत्तरसूचीतील नाव अंदाज म्हणून बरोबर आहे. ओळख पटली या अर्थाने ते कुणीही लिहू नये. या दोन गोष्टी प्रश्नात एकाच वाक्यात आल्यामुळे गोंधळ झाला आहे, म्हणून आधी अंदाजाचे पाहू.

तुमचा तक्ता चुकीचा नाही, पण ‘प्रौढ’ या एका रकान्यात सोळा वर्षांचा मुलगा आणि ऐंशी वर्षांची आजी दोघेही बसतात. नेदरलँड्समधील प्रौढांच्या ६९६ आजारप्रसंगांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात ५१ टक्के प्रसंग न्यूमोकॉकसचे आणि ३७ टक्के मेनिंगोकॉकसचे होते. अशाच आकड्यांवरून पुस्तकातील तक्ते तयार होतात. वयानुसार हे रुग्ण वेगळे केले, की चित्र बदलते: न्यूमोकॉकसचे वजन वाढत्या वयाकडे आणि अगदी लहान मुलांकडे झुकते, तर किशोरवयाच्या अखेरीस आणि विशीच्या सुरुवातीला मेनिंगोकॉकसचा वाटा उठून दिसतो.

यामागचे कारण घशात आहे. मेनिंगोकॉकस मनुष्याखेरीज कोठेही राहत नाही. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात तो बिनबोभाट वस्ती करतो आणि बहुतेक वाहकांना त्याचा काहीही त्रास होत नाही. एकूण लोकसंख्येत साधारण दहा टक्के लोक एखाद्या वेळी वाहक असतात. युरोपातील पाहण्यांत हे प्रमाण तान्ह्या मुलांमध्ये सर्वांत कमी आणि सुमारे १९ व्या वर्षी सर्वांत जास्त, म्हणजे जवळपास एक चतुर्थांशापर्यंत पोहोचलेले आढळले आहे. वसतिगृहात निरनिराळ्या ठिकाणांहून आलेली मुले एका खोलीत राहतात, एकमेकांच्या श्वासाच्या अंतरावर झोपतात, आणि ज्या प्रकाराशी आपल्या शरीराची ओळख नाही असा प्रकार कुणाकडून तरी मिळतो. गंभीर आजार होतो तो प्रायः नव्याने लागण झाल्यावर दोन ते दहा दिवसांत. अनेक वर्षे वाहक असलेल्याला तो सहसा होत नाही. म्हणूनच ‘वसतिगृह’ हा शब्द अशा प्रश्नात उगाच टाकलेला नसतो.

न्यूमोकॉकससाठी मात्र आपण दुसऱ्या खुणा शोधतो: कानाचा किंवा सायनसचा संसर्ग, न्यूमोनिया, कवटीला जुनी चीर आणि नाकातून मेरुद्रवाची गळती, प्लीहा काढलेली असणे किंवा सिकल सेलमुळे ती निकामी असणे, एचआयव्ही, मद्यपानाचा इतिहास. तुमच्या उदाहरणात यांपैकी काही नाही असे मुद्दाम सांगितले आहे. त्यामुळे न्यूमोकॉकस यादीतून जात नाही, फक्त दुसऱ्या क्रमांकावर येतो.

उरलेल्यांचे थोडक्यात. हिमोफिलस इन्फ्लुएन्झी टाइप बी हा पाच वर्षांखालील लस न घेतलेल्या मुलांचा आजार. लिस्टेरिया नवजात बालके, गर्भवती, पन्नाशी ओलांडलेले आणि प्रतिकारशक्ती दबलेले यांच्यात. ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस आणि ई. कोलाय मुख्यतः नवजातांत. शस्त्रक्रियेनंतर किंवा शंट बसवलेला असल्यास स्टॅफिलोकॉकस आणि रुग्णालयातील ग्रॅम निगेटिव्ह दंडाणू. मात्र ही यादी जगभर सारखी समजू नये. व्हिएतनाममध्ये प्रौढांच्या मेनिंजायटिसमध्ये डुकरांकडून येणारा स्ट्रेप्टोकॉकस सुइस आघाडीवर आहे, आणि त्यानंतर बहिरेपणा येण्याचे प्रमाण मोठे असते. म्हणून व्यवसाय आणि प्रवास विचारल्याशिवाय वयाच्या तक्त्यावर विसंबणे धोक्याचे.

पुरळाबद्दल एवढेच सांगतो की, वर उल्लेख केलेल्या डच अभ्यासात मेनिंगोकॉकस सिद्ध झालेल्या प्रौढांपैकी ६४ टक्के रुग्णांनाच पुरळ होते. म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांना ते नव्हते. उलट बाजूने पाहिले तर प्लीहा नसलेल्या रुग्णातील न्यूमोकॉकस, हृदयाच्या झडपेवरचा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, रिकेट्सिया आणि डेंगी यांतही त्वचेखाली रक्ताचे ठिपके येतात. पुरळ असले तर मेनिंगोकॉकसची शक्यता बरीच वाढते. नसले तर ती थोडीशीच कमी होते.


उत्तर २
लिहिणार: रात्रपाळी_लॅब

मी प्रयोगशाळेच्या बाजूने लिहितो, कारण ‘स्लाइड निगेटिव्ह, कल्चर निगेटिव्ह’ हे वाक्य वाचल्यावर माझा पहिला प्रश्न नमुन्याबद्दल असतो.

मेनिंगोकॉकस, न्यूमोकॉकस आणि हिमोफिलस हे तिन्ही नाजूक आहेत. कल्चरसाठीचा मेरुद्रव फ्रिजमध्ये ठेवणे ही सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत महाग पडणारी सवय आहे. इतर बहुतेक नमुने थंड ठेवायचे असतात, म्हणून वॉर्डातला नवा माणूस हाही त्यांच्यातच ठेवून देतो. हा नमुना खोलीच्या तापमानाला, शक्यतो तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे. ते अशक्य असेल, तर ट्रान्स-आयसोलेट नावाचे वाहतूक माध्यम वापरतात, ज्यात जिवाणू जिवंत राहतात आणि वाढतातही.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रमाण. एक मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव असेल, तर तो सेंट्रिफ्यूज करून तळाशी बसलेल्या गाळातून स्लाइड आणि कल्चर दोन्ही करावे. ग्रॅम स्टेनमध्ये जिवाणू दिसतील की नाही, हे त्यांच्या घनतेवर अवलंबून असते: एका मिलिलिटरला एक हजारांपेक्षा कमी असतील, तर साधारण चारांपैकी एकाच स्लाइडवर ते सापडतात, आणि एक लाखाच्या वर असतील तर जवळजवळ प्रत्येक स्लाइडवर. न्यूमोकॉकसच्या मेनिंजायटिसमध्ये उपचारापूर्वीची स्लाइड सुमारे ९० टक्के वेळा पॉझिटिव्ह येते, मेनिंगोकॉकसमध्ये त्याहून कमी, आणि लिस्टेरियामध्ये तर तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. हे आकडे प्रतिजैविक सुरू होण्याआधीचे आहेत, हे विसरू नये.

आता समजा, स्लाइडवर काही दिसले असते. मेनिंगोकॉकस म्हणजे ग्रॅम निगेटिव्ह, मूत्रपिंडाच्या आकाराच्या दोन पेशी, सपाट बाजू एकमेकींकडे. बऱ्याचदा न्यूट्रोफिलच्या आत. न्यूमोकॉकस ग्रॅम पॉझिटिव्ह, जोडीने, बाहेरच्या टोकांकडे निमुळता, सभोवती कॅप्सूलची (पेशीबाहेरील आवरणाची) फिकट कडा. परीक्षेत हे इतके स्वच्छ दिसते. प्रत्यक्षात प्रतिजैविकाने भिंत खिळखिळी झालेला न्यूमोकॉकस रंग सोडतो आणि गुलाबी दिसतो. रंग घालवण्याच्या पायरीवर हात जरा जास्त थांबला तरीही तेच होते. असिनेटोबॅक्टर जोडीने बसला, की नवख्याला तो नायसेरिया वाटतो. लिस्टेरियाला डिफ्थेरॉइड समजून ‘त्वचेवरची भेसळ’ असा शेरा मारला जातो. त्यामुळे स्लाइड वाचताना प्रत्येक वेळी शेजारी ज्ञात ग्रॅम पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह जिवाणूंची नियंत्रण स्लाइड असावी, असे माझे ठाम मत आहे.

कल्चरसाठी ब्लड अगार आणि चॉकलेट अगार ही जिवाणू वाढवण्याची दोन्ही माध्यमे लावतात, ३५ ते ३७ अंश सेल्सिअस, सुमारे पाच टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये. आणि निगेटिव्ह म्हणून कळवण्यापूर्वी ७२ तास पाहतात. तुमच्या उदाहरणात ४८ तासच झाले आहेत, हे लक्षात घ्या. मेनिंगोकॉकस दोन्ही प्लेटांवर राखाडी, गोल, चकचकीत आणि रक्त न विरघळवणाऱ्या वसाहती देतो. हिमोफिलस फक्त चॉकलेट अगारवर वाढतो, कारण त्याला लागणारे एक्स आणि व्ही हे दोन्ही घटक त्याला तेथेच मिळतात. न्यूमोकॉकसच्या वसाहतीभोवती हिरवट छटा येते आणि जुनी वसाहत मध्यभागी खचते.

त्यापुढील ओळख अशी: मेनिंगोकॉकस ऑक्सिडेज पॉझिटिव्ह असतो आणि ग्लुकोज व माल्टोज या दोन्हींपासून आम्ल तयार करतो. गोनोकॉकस फक्त ग्लुकोजपासून करतो. नायसेरिया लॅक्टामिका लॅक्टोजही वापरतो. न्यूमोकॉकस ऑप्टोचिनला संवेदनशील असतो (६ मिलिमीटरच्या डिस्कभोवती निदान १४ मिलिमीटरचे वर्तुळ) आणि पित्तक्षारात विरघळतो. ज्या प्रयोगशाळांत आता माल्डी-टॉफ यंत्र (प्रथिनांच्या वजनांवरून जिवाणू ओळखणारे) आहे, त्यांनी एक काळजी घ्यावी: हे यंत्र कधी कधी घशातील निरुपद्रवी नायसेरियाला मेनिंगोकॉकस ठरवते आणि स्ट्रेप्टोकॉकस मायटिसला न्यूमोकॉकस. मेरुद्रवातून वाढलेल्या जिवाणूबाबत हा धोका कमी, घशाच्या स्वॅबबाबत जास्त.

आणि एक सूचना, जी पुस्तकात तळटीपेत असते. मेनिंगोकॉकसची वसाहत सलाइनमध्ये घोळणे, हलवणे, पसरवणे ही सर्व कामे जैवसुरक्षा कॅबिनेटमध्येच करावीत. उघड्या टेबलावर केलेल्या कामातून प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांना आजार होऊन मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत.


प्रतिसाद
लिहिणार: द्वितीयवर्ष_विद्यार्थिनी

दोन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. वयाच्या तक्त्याबाबतची शंका पूर्ण दूर झाली. आता पुराव्याच्या भागाबद्दल विचारते. सहा तासांपूर्वी सेफ्ट्रिआक्झोन दिले गेले आहे. म्हणजे जिवाणू मेले असल्यामुळे ते वाढले नाहीत, असे मी धरते. मग लॅटेक्स ॲग्लुटिनेशन (प्रतिपिंड लावलेल्या कणांच्या गाठी होतात का, यावरून जिवाणूचे प्रतिजन ओळखणे) करावे, की पीसीआर (जिवाणूच्या डीएनएच्या प्रती वाढवून तो शोधणे)? आमच्या पुस्तकात लॅटेक्सवर दोन पाने आहेत आणि पीसीआरवर चार ओळी.


उत्तर ३
लिहिणार: काचपट्टी

पानांचे हे प्रमाण आता उलटे हवे.

तुम्ही धरलेली गोष्ट बरोबर आहे, आणि तिच्यात एक उपयोगी तपशील दडलेला आहे. शिरेतून किंवा स्नायूतून तिसऱ्या पिढीचे सेफॅलोस्पोरिन (सेफ्ट्रिआक्झोन याच गटातले) दिल्यावर मेरुद्रवातील मेनिंगोकॉकस दोन तासांत, क्वचित त्याहूनही लवकर, कल्चरमध्ये वाढेनासा होतो. न्यूमोकॉकसला साधारणपणे त्याहून अधिक, चार तास किंवा पुढे, वेळ लागतो. म्हणजे सहा तासांनंतरचे रिकामे कल्चर दोघांशीही सुसंगत आहे, पण मेनिंगोकॉकसशी थोडे अधिक. हा पुरावा नव्हे. अंदाजाच्या तराजूत टाकलेले आणखी एक लहान वजन, इतकेच. मेरुद्रवातील पेशी मात्र इतक्या लवकर ओसरत नाहीत, म्हणून २,४०० पेशी आणि कमी ग्लुकोज हे चित्र टिकून आहे. रक्ताशी तुलना केली तर ग्लुकोजचे गुणोत्तर ०.२१ येते, ०.४ च्या खाली गेले की जिवाणूजन्य आजाराची शंका बळावते. तुमच्या उत्तरात हा भागाकार करून दाखवा, कारण नुसते ‘२२’ हा आकडा रक्तातील आकड्याशिवाय अर्धवट असतो.

पेशी, ग्लुकोज, प्रथिने, तसेच मेरुद्रवातील लॅक्टेट आणि रक्तातील प्रोकॅल्सिटोनिन या सर्व तपासण्या ‘जिवाणूजन्य की विषाणूजन्य’ या प्रश्नाचे उत्तर देतात. ‘कोणता जिवाणू’ याचे उत्तर त्यांच्यात नाही. परीक्षार्थी बहुतेक वेळा येथेच घसरतात. ते न्यूट्रोफिलची टक्केवारी लिहून लगेच नायसेरियावर उडी मारतात.

कोणता जिवाणू, हे मेलेल्या जिवाणूंतूनही सांगू शकते ती तपासणी म्हणजे पीसीआर, कारण तिला जिवंत पेशी नको, डीएनए हवा. आणि तो प्रतिजैविकानंतर काही दिवस मेरुद्रवात सापडू शकतो. मेनिंगोकॉकससाठी सीटीआरए हे कॅप्सूल बाहेर वाहून नेणारे जनुक किंवा एसओडीसी हे जनुक शोधतात, न्यूमोकॉकससाठी एलवायटीए आणि हिमोफिलससाठी एचपीडी. सीटीआरएमध्ये एक मेख आहे: ज्या प्रकारांत कॅप्सूलची जनुकेच नाहीत, ते या तपासणीतून निसटतात. असे प्रकार प्रायः घशात वाहक अवस्थेत आढळतात आणि आजार क्वचितच करतात, तरीही पक्क्या ओळखीसाठी एसओडीसीचा आधार घेतात. मेरुद्रवाबरोबर ईडीटीए नळीतील (ज्यात रक्त गोठत नाही अशा नळीतील) रक्तही पीसीआरसाठी पाठवावे.

अनेक रोगकारक एकाच वेळी शोधणारी तयार पॅनेल आता उपलब्ध आहेत आणि तासाभरात निकाल देतात. त्यांचा मोह समजण्यासारखा आहे. तथापि त्यांत न्यूमोकॉकसचे खोटे पॉझिटिव्ह निकाल नोंदले गेले आहेत आणि क्रिप्टोकॉकस सुटल्याचेही. शिवाय पॅनेलमध्ये जो जिवाणू समाविष्टच नाही, तो त्याला दिसणार नाही. सर्व निगेटिव्ह आले आणि तरीही संशय दाट असेल, तर सर्व जिवाणूंत सामाईक असलेल्या १६एस जनुकाचा क्रम वाचण्याचा पर्याय उरतो.

लॅटेक्सविषयी माझे मत अनुकूल नाही. प्रतिजैविकानंतर त्याची संवेदनशीलता घसरते, म्हणजे नेमकी जेव्हा गरज असते तेव्हाच. त्यातच मेनिंगोकॉकसच्या सिरोग्रुप बीची (सिरोग्रुप म्हणजे कॅप्सूलवरून पाडलेले गट) कॅप्सूल आणि ई. कोलाय के१ ची कॅप्सूल रासायनिकदृष्ट्या एकच असल्याने दोघांना एकाच अभिकर्मकाने गाठी येतात. १९ वर्षांच्या मुलात यामुळे फारसे बिघडत नाही, नवजात बालकात मात्र निदानच उलटू शकते.


उत्तर ४
लिहिणार: रात्रपाळी_लॅब

लॅटेक्सबद्दल काचपट्टी यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे. जेथे पीसीआरचा निकाल दहा दिवसांनी येतो किंवा येतच नाही, तेथे त्याच दिवशी मिळालेला पॉझिटिव्ह लॅटेक्स निकाल निरुपयोगी कसा म्हणावा? निगेटिव्ह निकालाला काही अर्थ नाही, हे मान्य. पण पॉझिटिव्ह निकाल, गढूळ द्रव आणि योग्य वय हे तिन्ही जुळले, तर मी तो कळवतो. न्यूमोकॉकसच्या बाबतीत तर मेरुद्रवावर करता येणारी पट्टीवरची प्रतिजन तपासणी लॅटेक्सपेक्षा बरीच चांगली आहे आणि तिला यंत्र लागत नाही. कल्चर निगेटिव्ह असलेल्या तरुण रुग्णात ती निगेटिव्ह आली, तर न्यूमोकॉकसची शक्यता खरोखरच खाली येते.

रक्ताचे कल्चर कुणीच विचारले नाही, याचे आश्चर्य वाटले. लंबर पंक्चरला उशीर होणार असेल, तर निदान रक्ताच्या बाटल्या तरी पहिल्या इंजेक्शनच्या आधी भरायला हव्यात. जिवाणूजन्य मेनिंजायटिसच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत त्या वाढ दाखवतात. तुमच्या उदाहरणातील पहिल्या दवाखान्याने हे केले होते का, हा प्रश्न उत्तरपत्रिकेत विचारण्यासारखा आहे. पुरळ असते, तर ठिपक्यावरील त्वचेचा नमुना घेऊन त्यावर ग्रॅम स्टेन आणि पीसीआर करता आले असते. प्रतिजैविकानंतरही काही काळ तेथे जिवाणू दिसू शकतात.

घशाचा स्वॅब घेऊन त्यात मेनिंगोकॉकस सापडला, तरी त्यावरून निदान करू नये. वाहकांचे प्रमाण वर सांगितलेच आहे. या वयात स्वॅब पॉझिटिव्ह येणे ही विशेष बाब नाही.


उत्तर ५
लिहिणार: वॉर्ड_फिजिशियन

वरील चर्चा उत्तम आहे, परंतु वाचणाऱ्या विद्यार्थ्यांचा असा समज होऊ नये की जिवाणूचे नाव कळेपर्यंत उपचार थांबतात. पहिल्या दवाखान्यात सेफ्ट्रिआक्झोन दिल्यामुळे कल्चर ‘बिघडले’ असा सूर मी वॉर्डात ऐकतो. त्या इंजेक्शनने कदाचित त्या मुलाचा जीव वाचला आहे. रक्ताचे कल्चर घेणे, लगेच प्रतिजैविक देणे आणि लंबर पंक्चर शक्य तितक्या लवकर करणे, हा क्रम आहे. अर्धांगासारखी एका बाजूची लक्षणे, नव्याने आलेले झटके, डोळ्याच्या पडद्यावरील सूज, बरीच खालावलेली शुद्ध किंवा दबलेली प्रतिकारशक्ती असेल, तर आधी सीटी स्कॅन करतात. पण स्कॅनच्या रांगेतही प्रतिजैविक चालूच असते.

प्रौढांत सेफ्ट्रिआक्झोन, आणि जेथे न्यूमोकॉकस त्याला दाद देत नाही अशी शंका असते, तेथे सोबत व्हॅन्कोमायसिन; पन्नाशीच्या पुढे किंवा प्रतिकारशक्ती दबलेली असल्यास लिस्टेरियासाठी ॲम्पिसिलिन, कारण लिस्टेरियावर सेफॅलोस्पोरिन चालत नाहीत. डेक्सामिथासोन पहिल्या मात्रेच्या आधी किंवा सोबत सुरू करतात. त्याचा फायदा न्यूमोकॉकसमध्ये सर्वांत स्पष्ट दिसला असल्याने नंतर दुसराच जिवाणू सिद्ध झाला, तर अनेक जण ते थांबवतात.

मग नाव शोधायचे कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. नाव कळले की उपचाराची मुदत ठरते: मेनिंगोकॉकससाठी सात दिवस पुरतात, न्यूमोकॉकससाठी दहा ते चौदा, लिस्टेरियासाठी तीन आठवडे किंवा अधिक. न्यूमोकॉकस निघाला तर मी कान, सायनस, कवटी आणि प्लीहा यांच्या मागे लागतो आणि ऐकू येण्याची तपासणी लवकर करवतो. मेनिंगोकॉकस निघाला, विशेषतः दुसऱ्यांदा निघाला किंवा कुटुंबात आधी कुणाला झाला असेल, तर कॉम्प्लिमेंटची (रक्तातील जिवाणूंशी लढणाऱ्या प्रथिनांची) तपासणी करतो. सी५ ते सी९ या घटकांची कमतरता असलेल्यांना नायसेरियाचे आजार वारंवार होतात. आणि या वयात मेनिंगोकॉकसचा नुसता संशय असला, तरी रक्तदाब आणि त्वचा दर थोड्या वेळाने पाहावी लागते, कारण त्याच्या एंडोटॉक्सिनमुळे (जिवाणूच्या बाह्य आवरणातील विषामुळे) रुग्ण काही तासांत शॉकमध्ये जाऊ शकतो. मेनिंजायटिसपेक्षा रक्तातील हा प्रकार अधिक जीवघेणा आहे.

क्षयाची आठवण करून देतो. काही आठवडे रेंगाळलेला ताप, लिम्फोसाइटचे प्राबल्य आणि डोळे हलवणाऱ्या नसांची दुर्बलता अशा रुग्णात अर्धवट प्रतिजैविक घेतलेला जिवाणूजन्य मेनिंजायटिस आणि क्षयाचा मेनिंजायटिस यांच्यात फसगत होते. येथे एका रात्रीची सुरुवात आणि ९२ टक्के न्यूट्रोफिल असल्याने तो मागे पडतो, तरी अवघ्या पहिल्या काही दिवसांत क्षयातही न्यूट्रोफिल अधिक असू शकतात.


उत्तर ६
लिहिणार: साथरोग_विभाग

वसतिगृहाच्या दृष्टीने एक भर घालतो. शेजारच्या खाटेवरील विद्यार्थ्यांना औषध देण्यासाठी पीसीआरच्या निकालाची वाट पाहायची नसते. मेनिंगोकॉकसची दाट शक्यता पुरेशी आहे. रुग्णाच्या घरातील निकटच्या व्यक्तींना हा आजार होण्याचा धोका सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत ५०० ते ८०० पट असतो, आणि तो पहिल्या काही दिवसांत एकवटलेला असतो. म्हणून शक्यतो २४ तासांच्या आत सिप्रोफ्लॉक्सासिनची एक मात्रा, किंवा रिफॅम्पिसिन दोन दिवस, किंवा सेफ्ट्रिआक्झोनचे एक इंजेक्शन देतात. सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद न देणारे प्रकार काही देशांत आढळले असल्यामुळे स्थानिक अहवाल पाहूनच निवड करावी. ‘निकट’ म्हणजे खोलीतील सोबती, घरची माणसे, रुग्णाच्या लाळेशी थेट संपर्क आलेले. संपूर्ण महाविद्यालय नव्हे. रुग्णाला सेफ्ट्रिआक्झोन मिळाले असल्याने त्याच्या घशातील जिवाणू वेगळ्या औषधाशिवाय नाहीसे होतात. केवळ पेनिसिलिनवर उपचार झाले असते, तर घरी जाण्यापूर्वी त्यालाही हे औषध द्यावे लागले असते.

जिवाणूची ओळख ‘मेनिंगोकॉकस’ या शब्दावर थांबू देऊ नये, ही माझी प्रयोगशाळांना विनंती असते. बारा सिरोग्रुपांपैकी ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स आणि वाय हे सहा बहुतेक आजारांना कारणीभूत असतात, आणि लस कोणती द्यायची हे त्यावर ठरते. ए, सी, डब्ल्यू, वाय या चार गटांवरील लस बीविरुद्ध काहीच करत नाही. बीची कॅप्सूल मानवी चेतापेशींवरील एका रेणूसारखी असल्यामुळे शरीर तिला परकी मानत नाही. म्हणून बीची लस कॅप्सूलऐवजी जिवाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनांपासून बनवावी लागली. लसीने गट बदलतात, याचे सर्वांत ठळक उदाहरण आफ्रिकेतील सेनेगल ते इथियोपिया या मेनिंजायटिस पट्ट्याचे: तेथे २०१० पासून गट एची लस दिल्यावर त्या गटाच्या साथी जवळजवळ थांबल्या, आणि पुढे सी, डब्ल्यू व एक्स यांच्याकडे लक्ष द्यावे लागले. कल्चर निगेटिव्ह असले तरी सिरोग्रुप पीसीआरने ठरवता येतो, म्हणून उरलेला डीएनए टाकून देऊ नये.


प्रतिसाद
लिहिणार: द्वितीयवर्ष_विद्यार्थिनी

सर्वांची अत्यंत आभारी आहे. शेवटची एक शंका. उदाहरणाच्या तळाशी असे लिहिले आहे की उरलेला मेरुद्रव रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला होता. वरील चर्चा वाचून तो वाया गेला असे मी लिहिणार होते. तसे लिहिणे योग्य होईल का?


उत्तर ७
लिहिणार: रात्रपाळी_लॅब

नाही. कल्चरसाठी तो गेला, पण पीसीआरसाठी तो चांगलाच आहे; डीएनएला थंडी मानवते. निर्जंतुक नळीत, दुसऱ्या कोणत्याही नमुन्याच्या संपर्कात न आलेला असावा, एवढीच अट. एक-दोन दिवसांत पाठवणार असाल, तर चार अंशांवर ठेवा, अधिक वेळ लागणार असेल तर उणे २० वर. आणि पाठवताना अर्जावर प्रतिजैविकाचे नाव, मात्रेची वेळ आणि लंबर पंक्चरची वेळ लिहा. उत्तरपत्रिकेतही ‘मेरुद्रव व ईडीटीए रक्त, सीटीआरए व एसओडीसी, एलवायटीए, एचपीडी, पॉझिटिव्ह आल्यास सिरोग्रुप’ असे लिहिलेत, तर तपासणाऱ्याला विचारायला काही उरणार नाही.